गैरहजर पाखरू

काही वर्षांपूर्वी सातवीच्या वर्गातलं एक नाव मी पटावरून कमी केलं. पोरगा दोन महिने शाळेत आला नव्हता. घरी निरोप धाडले, शेजाऱ्यांना विचारलं, काही पत्ता लागला नाही. हजेरीपुस्तकात लाल रेघ मारली आणि विषय संपवला. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो आपल्या जागेवर येऊन बसला होता. “अरे, होतास कुठे?” तर म्हणाला, “मैं तो यहीं था सर, वीटभट्टीपे.” भट्टी शाळेपासून पाच किलोमीटरवर. त्या रस्त्याने मी दर रविवारी सासुरवाडीला जातो.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी असे दोन्ही विषय शिकवतो, त्यामुळे हजेरी हा माझ्या रोजच्या पोटापाण्याचा भाग आहे. हजेरीची एक गोष्ट कुरआन शरीफमध्येही आहे. सूरह नम्लमध्ये हजरत सुलैमान (अ.स.) पाखरांच्या फौजेची पाहणी करतात. हुदहुद जागेवर दिसत नाही. बादशहा रागावतो, योग्य कारण दिलं नाही तर कडक शिक्षा करीन म्हणतो. थोड्याच वेळात हुदहुद येतो आणि सबाच्या राणीची बातमी सांगतो. ती बातमी एवढ्या मोठ्या बादशहाला ठाऊक नव्हती, त्या बोटभर पाखराला होती. लहानपणी मदरशात ही गोष्ट ऐकताना मला हुदहुदची काळजी वाटायची. आता मास्तर झाल्यावर हजेरी घेणाऱ्याची वाटते.

आज ज्या पाखराबद्दल लिहायचं आहे त्याच्यावरही चाळीसेक वर्षं अशीच लाल रेघ होती. ते कारगिलचं आहे. आपल्याकडे कारगिल म्हटलं की १९९९ चं युद्ध आठवतं आणि त्यापुढे काही आठवत नाही. मला तरी आठवत नव्हतं.

मराठीत या जातकुळीच्या पक्ष्यांना वटवट्या म्हणतात. सतत किचकिच करणारे, चिमणीपेक्षा बारीक, मातकट रंगाचे आणि एकासारखे एक दिसणारे. त्यातला हा लांब चोचीचा झुडपी वटवट्या. शास्त्रीय नाव लोकस्टेला मेजर. पाठ तपकिरी, पोट फिकट, गळ्याखाली बारीक ठिपके आणि बाकी वटवट्यांपेक्षा जरा लांब चोच. फोटो पाहून कोणाचा जीव जडावा असं त्यात काही नाही. स्वभावाने हा पक्का लपणारा. झुडपाच्या बुंध्याशी, गवताच्या मुळाशी उंदरासारखा पळतो. धोका वाटला तर उडून जाण्याऐवजी पायीच आत सरकतो. नर विणीच्या दिवसांत गातो तेव्हाच तो आहे हे कळतं, आणि ते गाणंही गाण्यासारखं नाही. एकाच लयीत कटकट चालू असते, जणू गवतात किडा ओरडतोय. शास्त्रज्ञांनी नाव देताना तेच पकडलं. लोकस्टेला म्हणजे छोटा टोळ. उर्दू शायरीत बुलबुल आहे, कुमरी आहे, इक्बालचा शाहीन आहे. या बिचाऱ्याला कोणी शेर दिला नाही, आणि का दिला नाही हे त्याचा आवाज ऐकला की समजतं.

त्याचं घर म्हणजे काश्मीर-लडाखच्या कोरड्या दऱ्या, पलीकडे गिलगित-बाल्टिस्तान, त्याच्याही पलीकडे ताजिकिस्तान आणि चीनच्या शिनजियांगमधले डोंगर. अडीच-तीन हजार मीटर उंचीवर, पावसाळी ढग जिथे पोचता पोचता रिकामे होतात अशा उतारांवरची झुडपं आणि पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांच्या कडा. नकाशावर पाहिलं तर हा टापू तीन-चार देशांच्या कोपऱ्यांत आणि जगातल्या सगळ्यात भांडखोर सीमांमध्ये वाटला गेलेला आहे. पाखराला अर्थातच त्याची खबर नाही. पाखराच्या इतिहासाला मात्र आहे.

त्याला शास्त्राच्या वहीत पहिलं नाव मिळालं १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला. देणारा होता विल्यम एडविन ब्रुक्स, भारतात नोकरीला असलेला रेल्वेचा इंजिनियर. त्याला या बारीक, एकसारख्या वटवट्यांचाच नाद होता. लोक वाघामागे जात, हा काश्मीरच्या झाडीत बोटभर पाखरांमागे. त्याच्या नावाने आज एक वेगळा वटवट्या ओळखला जातो. ब्रुक्सचा जिवलग मित्र ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. हो, तोच, आपल्या इतिहासाच्या पुस्तकातला, काँग्रेसचा संस्थापक. ब्रुक्सने आपल्या मुलाचं नावही ह्यूमवरून ॲलन ठेवलं. तो पुढे कॅनडात पक्ष्यांचा मोठा चित्रकार झाला.

ह्यूम हा भारतातल्या पक्ष्यांचा त्या काळातला हजेरी मास्तर. देशभरातले कलेक्टर, डॉक्टर, पोलिस आणि जंगल अधिकारी त्याला पाखरांची कातडी आणि अंडी पाठवत. त्यांच्या पत्रांवर त्याने ‘स्ट्रे फेदर्स’ नावाचं नियतकालिक चालवलं. १८७० साली डग्लस फोर्सिथच्या नेतृत्वाखाली यारकंदला सरकारी शिष्टमंडळ गेलं. बरोबरचे डॉक्टर जॉर्ज हेंडरसन यांनी वाटेत पक्षी जमवले, आणि १८७३ मध्ये हेंडरसन आणि ह्यूम या दोघांच्या नावाने ‘लाहोर टू यारकंद’ हे पुस्तक निघालं. काही वर्षांनी गिलगितला राजकीय प्रतिनिधी म्हणून बसलेला बिडल्फ आणि तिथला डॉक्टर स्कली यांनीही तेच केलं. रशिया कुठवर आला हे पाहायला पाठवलेली ही माणसं, फावल्या वेळात वटवटे टिपत होती. या कोरड्या दऱ्यांतल्या पाखरांची पहिली हजेरी अशी, साम्राज्याच्या टेहळणीच्या पाठोपाठ लागली. मला यात कुणाला शिव्या द्यायच्या नाहीत. त्यांनी लिहून ठेवलं नसतं तर हे पाखरू हरवलं हे तरी आपल्याला कुठून कळलं असतं?

पण एक गोष्ट खटकते. या सगळ्या नोंदींत सामान वाहणारे, वाट दाखवणारे, झुडपातून पाखरू उठवून देणारे शिकारी आणि तट्टूवाले आहेत. त्यांना नाव नाही. बोलता बोलता ‘माझा माणूस’ एवढाच उल्लेख येतो. लेहच्या गुलाम रसूल गलवानचा अपवाद आठवतो. गरीब घरचा मुलगा, साहेबांच्या तांड्यांत हरकाम्या म्हणून लागला, पुढे कारवाँबाशी झाला. रॉबर्ट बॅरेट नावाच्या अमेरिकन प्रवाशाच्या आणि त्याच्या बायकोच्या आग्रहामुळे त्याने मोडक्यातोडक्या इंग्रजीत आपलं आयुष्य लिहून काढलं. १९२३ मध्ये ‘सर्व्हंट ऑफ साहिब्स’ या नावाने ते छापून आलं. २०२० साली ज्या गलवान खोऱ्याचं नाव घराघरांत पोचलं ते याच माणसावरून पडलेलं. टीव्हीवर त्या दिवसांत मी बराच वेळ बसलो होतो, पण हे सांगणारं मला कोणी भेटलं नाही. असो. गलवानसारखे आणखी चार जण लिहिते झाले असते तर लडाखच्या पाखरांना त्यांच्या शेजाऱ्यांनी दिलेली नावंही आपल्याकडे असती.

ह्यूमचं पुढे काय झालं तेही सांगण्यासारखं आहे. भारतातल्या पक्ष्यांवर मोठा ग्रंथ लिहायचा म्हणून त्याने वर्षानुवर्षं टिपणं जमवली होती. १८८० च्या दशकात तो सिमल्याला घरी परतला तेव्हा कळलं की नोकराने ते कागद बाजारात रद्दीच्या भावाने विकून टाकलेत. भेळेच्या पुड्यांत गेले असतील म्हणा. ह्यूमचं मन उडालं. १८८५ मध्ये त्याने आपला सगळा संग्रह, कातडी आणि अंडी मिळून ऐंशी हजारांच्या वर नमुने, लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत कॉलेजात काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं. आपण पोरांना यातली दुसरी घटना शिकवतो.

आता या गोष्टीतलं गाव. कारगिलहून सुरू नदीच्या काठाने वर चाळीसेक किलोमीटर गेलं की सांकू लागतं. मागे नुन आणि कुनची बर्फाची शिखरं, दोन्ही बाजूंना उघडे तपकिरी डोंगर, आणि त्यांच्या पायाशी वितळलेल्या बर्फाचं पाणी जिथवर खेळवता येतं तिथवरच हिरवी पट्टी. जव, वाटाणा, जनावरांसाठी लसूणघास. बांधांवर विलो, पॉप्लर आणि काटेरी जंगली गुलाब. आपल्या इतिहासात या गावाची ओळख आहे ती १८३४ ची. जम्मूच्या राजाचा सेनापती जोरावर सिंग किश्तवाडवरून डोंगर ओलांडून सुरू खोऱ्यात उतरला आणि लडाखच्या लोकांशी त्याची पहिली लढाई या सांकूजवळ झाली. पलीकडच्या करचे खार गावात कड्यात कोरलेली उभ्या मैत्रेय बुद्धाची उंच मूर्ती आहे. आजूबाजूची वस्ती आता शिया मुसलमानांची. लोक सांगतात की इथल्या राजाशी लग्न होऊन स्कर्दूची एक बाल्टी राजकन्या आली, तिच्याबरोबर आलिम आले आणि खोऱ्यात इस्लाम रुजला. मूर्तीला कोणी हात लावला नाही. मूर्तीखाली एक म्हातारी घास कापत होती, आम्हाला पाहून सलाम केला आणि परत कापायला लागली.

स्कर्दू हे नाव लक्षात ठेवा. महाराजांच्या अमलात लेह, कारगिल आणि स्कर्दू या एकाच जिल्ह्याच्या, लडाख वजारतीच्या, तीन तहसिली होत्या. वजारतीची कचेरी उन्हाळ्यात लेहला आणि हिवाळ्यात स्कर्दूला असे. म्हणजे कारगिलच्या माणसाला कोर्टकचेरीसाठी हिवाळ्यात स्कर्दूला जाणं हे आपल्याकडे तालुक्याच्या माणसाने जिल्ह्याला जाण्याइतकं साधं होतं. सोयरीकही तशीच. मे १९४८ मध्ये गिलगित स्काउट्सनी कारगिल घेतलं. ऑगस्टमध्ये स्कर्दू पडलं. नोव्हेंबरात भारतीय सैन्याने झोजिला ओलांडून कारगिल परत मिळवलं. स्कर्दू पलीकडे राहिलं. १९४९ मध्ये नकाशावर रेघ आली. कारगिल-स्कर्दू रस्ता तेव्हापासून बंद आहे. भाऊ इकडे, बहीण तिकडे अशी घरं कारगिलमध्ये आजही आहेत.

आपल्या पाखराच्या इतिहासाला इथेच खीळ बसली. वटवट्या रेघेच्या दोन्ही बाजूंना होता, पण त्याला पाहायला कोणी जाऊ शकत नव्हतं. डॉ. सालिम अलींनी डिलन रिप्ले यांच्यासोबत लिहिलेल्या भारतीय उपखंडातल्या पक्ष्यांच्या दहा खंडांत, १९६८ ते १९७४ दरम्यान आलेल्या, या पाखराला त्याची जागा दिलेली आहे. त्या वेळी लडाख परदेशी प्रवाशांना बंदच होतं. (सालिम अलींवरून एक चिमटा. खेतवाडीत वाढलेला, सुलेमानी बोहरा घरातला हा मुंबईकर आपला, म्हणून १२ नोव्हेंबरला आपण त्यांचा फोटो अगत्याने फॉरवर्ड करतो. मी पण करतो. त्या दिवशी दुर्बीण घेऊन बाहेर पडलेला मुसलमान पोरगा मी आमच्या गावात अजून पाहिलेला नाही. माझी दोन्ही पोरं धरून.)

१९७४ मध्ये लडाख पर्यटकांसाठी उघडलं. पाठोपाठ इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांच्या मोहिमा सुरू खोऱ्यात आल्या आणि त्या दशकाच्या अखेरीस त्यांना हा वटवट्या दिसला. त्यानंतर भारताच्या बाजूने पानं कोरी. दहा वर्षं, वीस वर्षं, १९९९ मध्ये त्याच डोंगरांत तोफा धडाडल्या, मग तीस वर्षं, चाळीस वर्षं. पक्ष्यांच्या पुस्तकांत त्याच्यापुढे जुन्याच नोंदी छापल्या जात राहिल्या. एकेकाळी काश्मीर-लडाखच्या दऱ्यांत बऱ्यापैकी आढळणारं पाखरू जगाच्या लाल यादीत धोक्यातल्यांच्या रांगेत जाऊन बसलं.

मी खानदेशातला असल्यामुळे मला ही गोष्ट ओळखीची वाटली. आमच्या सातपुड्यात हेच घडलेलं आहे, आणि त्यातही ह्यूमच आहे. १८७३ मध्ये, म्हणजे वटवट्याच्याच काळात, त्याने ‘स्ट्रे फेदर्स’मध्ये एका छोट्या घुबडाचं वर्णन छापलं. रानपिंगळा. ब्लेविट नावाच्या अधिकाऱ्याने पाठवलेल्या नमुन्यावरून. पुढे जेम्स डेव्हिडसन नावाचा खानदेशातला सनदी अधिकारी शहादा-तळोदा भागात पक्षी जमवत असताना त्याला हे पिंगळे मिळाले. शेवटचा खरा नमुना १८८४ चा. नंतर शंभर वर्षं काही नाही. मध्ये रिचर्ड माइनर्ट्झहागेन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने आपल्याला १९१४ मध्ये तापीकाठी मांडवीला एक मिळाला असं लिहून ठेवलं होतं, आणि शोधणारे सगळे भलत्याच जागी शोधत राहिले. अमेरिकेच्या पॅमेला रासमुसेन यांनी त्याच्या संग्रहाची चिरफाड केली तेव्हा कळलं की त्याने म्युझियममधला डेव्हिडसनचा जुना नमुना चोरून, नवा कापूस भरून, आपल्या नावाची चिठ्ठी लावली होती. हाच गृहस्थ १९२५ मध्ये लडाखलाही पक्षी जमवायला गेला होता. खोटी चिठ्ठी बाजूला झाल्यावर रासमुसेन आणि त्यांचे सोबती खऱ्या जागी, म्हणजे शहाद्याजवळच्या जंगलात आले. नोव्हेंबर १९९७ मध्ये भरदिवसा रानपिंगळा झाडावर बसलेला होता. नंतर मेळघाटातही बरेच निघाले.

मी तेव्हा कॉलेजात होतो. पेपरात बातमी वाचून अब्बांना सांगितली. ते एसटीत कंडक्टर, शहादा-धडगाव त्यांचा नेहमीचा रूट. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, “पावऱ्यांना विचारलं होतं का कोणी?”

जुलै २०२३ मध्ये बातमी आली की सांकूजवळ तीनेक हजार मीटर उंचीवर, पायऱ्यांच्या शेतांत, पक्षिनिरीक्षकांच्या एका गटाला लांब चोचीचा वटवट्या सापडला. फोटो निघाले. चार दशकांनी भारतात नोंद. मला अब्बांचं वाक्य आठवलं. ते आता नाहीत. त्यानंतर दोन वर्षं पैसे जमवून, शाळा सुरू होण्याआधीच्या सुट्टीत, बायको आणि दोन पोरांना घेऊन मी श्रीनगरमार्गे कारगिलला गेलो. बायकोला गुलमर्ग दाखवायचं कबूल केलं होतं म्हणून ती आली, नाहीतर वटवट्यासाठी कोण येतो.

सांकूत एका हाजीसाहेबांच्या घरी उतरलो. वय पंचाहत्तरच्या पुढे. घरात पुरिग भाषा, पण उर्दू शाळेत शिकलेले, त्यामुळे आमचं जमून गेलं. मी उर्दूचा मास्तर आहे म्हटल्यावर त्यांनी चहासोबत माझी परीक्षाच घेतली. खान्देशी उर्दू ऐकून हसले. दुसऱ्या दिवशी फजरनंतर मी त्यांच्याबरोबर शेतावर गेलो. मोबाईलवर पाखराच्या आवाजाची रेकॉर्डिंग उतरवून नेली होती. बांधावर बसून त्यांना ऐकवली. त्यांनी कान जवळ आणला, दोनदा ऐकली.

“यह तो टिड्डा है.”

“नहीं हाजीसाहेब, परिंदा है.”

त्यांना ते पटलं नाही. मग लोकस्टेला या नावाचा अर्थ सांगितला तेव्हा खुश झाले. हा आवाज त्यांनी लहानपणापासून ऐकला होता. पीक गुडघ्याएवढं झालं की खालच्या वाफ्यांतून, पहाटेच्या अंधारात पाणी द्यायला गेलं की. आईबरोबर पाणी द्यायला जायचे तेव्हाचं त्यांना आठवत होतं. मी सांगितलं की पुस्तकांप्रमाणे हे पाखरू इथून चाळीस वर्षं नाहीसं झालं होतं. त्यांनी सरळ विचारलं, “कहाँ गया था?”

मला उत्तर देता आलं नाही. पाच किलोमीटरवरची वीटभट्टी डोळ्यांपुढे आली.

त्यांचं म्हणणं जसंच्या तसं खरं धरू नये, हेही मी स्वतःला बजावतो. त्या दऱ्यांत किडेही तसेच ओरडतात, दुसरे वटवटेही आहेत आणि म्हाताऱ्या माणसाची आठवण म्हणजे पंचनामा नव्हे. ह्यूमच्या पद्धतीला नावं ठेवली तरी हातात नमुना असल्याशिवाय तो लिहीत नसे. पण हाजीसाहेबांनी पुढे जे सांगितलं ते महत्त्वाचं होतं, कारण त्यात त्यांना खोटं सांगण्यासारखं काही नव्हतं. पूर्वी आवाज तीन-चार बाजूंनी यायचा, आता एका बाजूने आला तर आला. पूर्वी बांध रुंद होते. कडेला गुलाबाची आणि काट्यांची झुडपं वाढू देत, कारण हिवाळ्याचं सरपण आणि कुंपण तीच. आता भाऊ वाटले, शेतं वाटली, बांध चिंचोळे झाले. उतारावरची झुडपं जळणाला मुळासकट निघाली. शिवाय वरच्या उतारांवर शेळ्यामेंढ्या. रस्ता रुंद करताना एका बाजूची पूर्ण कड गेली. त्यांच्या सुनेचं म्हणणं होतं की गॅस आल्यापासून काटे तोडायला जावं लागत नाही, पोरीबाळींचे हात वाचले. तेही खरंच. लपणाऱ्या पाखराला लपायला जागा लागते, आणि ती जागा शेतकऱ्याच्या हिशेबात नेहमी ‘पडीक’ या रकान्यात असते. आमच्याकडेही कपाशीच्या शेतांचे बांध जेसीबीने कोरले जातात, बोरीबाभळी जातात, आणि मग आपण म्हणतो, लावे-तितर दिसत नाहीत हल्ली.

मला तीन सकाळी मिळाल्या. पाखरू दिसलं नाही. ऐकू आलं असं छातीठोकपणे सांगता येणार नाही. नदीचा आवाज फार होता. लहान पोराला विलोच्या बुंध्याशी काहीतरी उंदरासारखं पळताना दिसलं. तो उंदीरही असेल. त्याच्या वहीत मात्र त्याने पक्षी लिहिलं आहे.

निघायच्या आदल्या रात्री हाजीसाहेबांनी ती रेकॉर्डिंग मागून घेतली. त्यांची थोरली बहीण १९४८ च्या आधीच स्कर्दूकडे लग्न होऊन गेलेली; त्यांनी तिला पाहिलेलं नाही. ती वारली, तिचा मुलगा तिकडे शेती करतो. मामा-भाचे एकमेकांना कधी भेटले नाहीत. व्हॉट्सॲपवर बोलतात. हाजीसाहेबांनी नातवाकडून आवाज पाठवून घेतला आणि विचारलं, तुमच्याकडे हा आहे का? त्या रात्री नेटवर्क गेलं.

आम्ही द्रासमार्गे खाली उतरलो. श्रीनगरच्या हॉटेलात बायको गुलमर्गच्या गाडीचं भाडं ठरवत होती तेव्हा फोन वाजला. हाजीसाहेबांनी भाच्याची व्हॉइस नोट पुढे धाडली होती. वीस सेकंदांची. आधी कुत्रं भुंकतं, मग पाटाच्या पाण्याचा आवाज, मग कोणीतरी बाल्टीत ‘गप’ म्हटल्यासारखं काहीतरी म्हणतं, आणि शेवटच्या पाच सेकंदांत अंधारातून कटकट, कटकट, कटकट. खाली हाजीसाहेबांचा मजकूर होता: मास्टर साब, यह आपका परिंदा है या हमारा टिड्डा, सुनकर बताइए.

मी ती कितीदा तरी ऐकली आहे. पक्ष्यांच्या आवाजाचे जाणकार असलेल्या एका मित्राला परवा पाठवली आहे.